ब्रशवाल्या झिंग्याचा नवरा

आमच्या झिंग्यांच्या टूरचे किस्से मी एकट्यानंच सांगितले असते तर केव्हाच संपले असते. पण होतं काय, मी मेसमध्ये एक सांगतो, ऐकणारा तो दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला, आणि आठवड्यानं तोच किस्सा कुणीतरी मलाच ऐकवतो. त्यात झिंगे जास्तीचे. परवा तर एकजण मला सांगत होता की उस्मानाबादेकडं एक प्रोफेसर झिंग्याला हजामत करायला शिकवतात. म्हटलं, आता बास. खरं काय ते एकदाचं लिहूनच टाकतो.

आम्ही तिघं होतो. एक आमचे प्रोफेसर काझी साहेब. अंगात कायम शेरवानी, नाकावर जाड चष्मा, आणि जगात झिंग्याशिवाय दुसरं जनावरच नाही अशी समजूत. दुसरे आमच्या लॅबचे जुने अटेंडंट महबूबचाचा. तिसरा मी, वसंत. हैदराबादेत वाढलेला. टूरपर्यंत माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी नदी म्हणजे पुलावरून पाहिलेली मुसी.

आता मामला काय होता ते सांगतो. साहेबांना कुणीतरी तेरणा नदीतले दोन झिंगे आणून दिले होते. बोटाच्या पेराएवढे. साहेबांना वाटत होतं, ही जात वेगळी आहे. पण दोन्ही माद्या निघाल्या. आणि या झिंग्यांत जातीची पक्की ओळख पटते ती नराच्या पोटाखालच्या पायावरून. त्याच्या दुसऱ्या पायाला आतल्या बाजूनं एक जास्तीची बारीक काटेरी काडी असते. ती पाहिल्याशिवाय वर्गीकरण पुरं होत नाही.

माझा एम.एस्सी.चा प्रबंध याच झिंग्यावर होता. साहेबांनी साफ सांगितलं, "वसंतराव, दिवाळीच्या सुट्टीत नर मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर तुम्हाला विषय बदलावा लागेल."

"कोणता, सर?"

"बेडकाच्या आतड्यातले जंत."

त्या दिवसापासून मी डोळे मिटले की मला बेडूक दिसायचे.

*

हा झिंगा एवढा खास का, ते साहेबांनी वर्गात एकदा शेव्हिंग ब्रश आणून दाखवलं होतं. बाकीच्या झिंग्यांच्या पुढच्या पायांना चिमटा असतो. धरायचं, तोडायचं, खायचं. या पठ्ठ्याच्या चिमट्याच्या टोकाला केसांचे झुपके. दगडावरचं शेवाळ झाडायचं आणि ब्रश तोंडात घालायचा, झाडायचं आणि तोंडात घालायचा, दिवसभर एवढंच. साहेब टेबलावर ब्रश फिरवत होते, मग तो ओठाजवळ नेत होते. अर्धा वर्ग तोंड दाबून बसलेला.

मागं महबूबचाचा बरण्या पुसत उभे होते. ते गंभीरपणे म्हणाले, "साहब, अल्ला मियाँ इसको कूची तो दिए, रंग देना भूल गए."

हजामतीची जी गोष्ट फिरते तिचं मूळ हे एवढंच.

*

आम्ही सोलापूरपर्यंत रेल्वेनं आणि तिथून मोटारीनं निघालो. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार कोळशाच्या ग्यासवर चालायची. चढ आला की पॅसेंजर उतरायचे. निजामाच्या हद्दीच्या नाक्यावर सगळ्यांचं सामान उघडलं गेलं. आमच्या पेटीत सहा बरण्या, काठोकाठ स्पिरिट.

नाक्यावरच्या अंमलदारांनी एक बूच काढलं, वास घेतला आणि म्हणाले, "ही दारू हाय."

"ही झिंगे ठेवायला आहे," काझी साहेब म्हणाले.

"झिंगे कुठं हायत?"

"झिंगे धरायला तर चाललोय."

"मग आज तरी ही दारूच झाली की. झिंगे घालून आणा, झिंग्याची बरणी म्हणून लिहितो."

आता आली का पंचाईत. झिंगे पलीकडं, स्पिरिट अलीकडं. साहेबांनी कॉलेजचं पत्र दाखवलं, शिक्का दाखवला. नाकेवाले म्हणाले, पत्रात झिंगे आहेत, बरणीत नाहीत. बोलणं चुकीचंही नव्हतं. मोटारीतले लोक ओरडायला लागले.

तेवढ्यात महबूबचाचांनी आपली पिशवी उघडली. चटणीसाठी सोलापुरात घेतलेली सुकट होती. त्यांनी प्रत्येक बरणीत शांतपणे एक-एक वाळका झिंगा सोडला. "लिख लो जी."

नाकेवाल्यांनी सहाही बरण्या निरखून पाहिल्या आणि आम्हाला सोडलं. जाताना एवढंच म्हणाले, "लई वाळलेत. जरा पाणी पाजा."

*

यापुढचा किस्सा माझ्याच फजितीचा आहे. लोक तो माझ्यासमोर सांगत नाहीत, म्हणून मीच सांगतो.

आमचा मुक्काम धाराशिवला डाकबंगल्यात होता. (कागदावर उस्मानाबाद, पण टांगेवाल्यासमोर धाराशिवच म्हणायचं, नाहीतर तो आपल्याला सरकारी समजून गप्प बसतो.) पहिल्याच दिवशी तेरणेकाठच्या तेरला जाऊन आम्ही जाळं टाकलं आणि थोडा माल आणून बरणीत घातला. संध्याकाळी मी भिंगाखाली एकेक पाहायला बसलो.

आमच्या गटाची एक सोपी खूण आहे. झिंग्याच्या पोटाला कडी असतात. त्यातल्या दुसऱ्या कड्याची बाजू पुढच्या कड्यावरही चढलेली असते आणि मागच्यावरही. ते पाहिलं की हा आपला. मी पाहतो तर एक झिंगा असा निघाला की त्याचं दुसरं कडं पहिल्याच्या खाली! ब्रशही नाहीत. आणि चालायच्या पायांचे शेवटचे दोन जोड गायब. तुटलेले नाही बरं का, मुळातच नाहीत.

मी धावत साहेबांकडं गेलो. "सर, नदीत समुद्राचा झिंगा! अगदीच नवा! याला नावसुद्धा नसेल!"

साहेबांनी चष्मा पुसला. भिंगात पाहिलं. पुन्हा चष्मा पुसला. "बात तो सही है," ते पुटपुटले. "पण समुद्र कुठं, तेरणा कुठं..."

मनातल्या मनात मी त्या झिंग्याला माझं आडनाव लावून मोकळा झालो होतो.

कोपऱ्यात स्टोव्हशी बसलेल्या चाचांनी मान वर केली. "वसंतमियाँ, वो नाकेवाला है. उसके बाकी भाई लोगां मेरी चटणी में हैं."

*

तेरला नागू भोई म्हणून एकजण आम्हाला झिंगे धरून द्यायचा. तो आणि त्याची बायको सोनाबाई. माणूस कामाला वाघ, पण बोलणं कमी. बोलायचं सगळं काम सोनाबाईकडं.

मी नागूला पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "मोठे मोठे आणा. बारकी पिल्लं पाण्यात सोडून द्या, बिचारी वाढू द्या." नागूनं मान हलवली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. शहरातला माणूस असून जीवदया आहे, वगैरे.

चार दिवसांत रोज माद्या. साहेब संध्याकाळी फिरायला जायचे बंद झाले. पाचव्या दिवशी मला जरा ताप होता म्हणून नागूला निरोप धाडला की आज जेवढे सापडतील तेवढे सगळे तूच धाराशिवला घेऊन ये.

दुपार टळल्यावर दोघं आले. सोनाबाईनं एरंडाच्या पानात बांधलेला पुडा साहेबांसमोर उलगडला. आत झिंगे होते. पांढरे शुभ्र, चकचकीत. डोकं नाही, पाय नाहीत, मिशा नाहीत, पाठीवरचं टरफलसुद्धा नाही. पेराएवढ्या झिंग्यातला काळा दोरादेखील काढलेला.

"सकाळधरनं बसल्ये," सोनाबाई म्हणाली. "आवं, एवढाले बारके, बोटं भरून आली. पर म्हनलं साहेब शहरातले, त्यांच्या पोटात दुखाया नगं."

आम्ही ज्याच्यावरून जात ओळखतो ते सगळं, म्हणजे डोक्यावरची करवत, हातांचे ब्रश, पोटाखालचे पाय, तिनं तेरच्या घाटावर फेकून दिलं होतं. उरलं होतं ते फक्त चविष्ट.

मी साहेबांकडं पाहायची हिंमत केली नाही. साहेबांनी पुड्यातला एक झिंगा उचलून उजेडात धरला. मग त्यांनी दोन्ही हात जोडले. "बाई, आमच्या लॅबमध्ये इतकं बारीक डिसेक्शन कुणालाच येत नाही."

"म्हंजी बरं झालं न्हवं?"

"फार बरं झालं."

त्या रात्री आम्ही पाचजण ज्वारीची भाकरी आणि संशोधनाचं साहित्य जेवलो. सुंदर झालं होतं.

*

जेवण होत होतं तेव्हाच साहेबांनी सोनाबाईला बरणीतला एक अख्खा झिंगा दाखवला. पुन्हा चूक होऊ नये म्हणून तिला नीट समजावून सांगावं, हा हेतू. ते म्हणाले, "हे बघा, पोटाचं हे दुसरं कडं. याची बाजू पुढच्यावरही आहे आणि मागच्यावरही. आमची पोरं वर्षभर हे विसरतात."

सोनाबाईनं बरणी कंदिलाजवळ नेली, डोळे बारीक केले आणि नवऱ्याला म्हणाली, "व्हय वो, ही आपली मधली जाऊ हाय. थोरलीला बी दाबती, धाकटीला बी दाबती."

नागू भोई त्या पाच दिवसांत पहिल्यांदा हसला.

साहेबांनी शेरवानीच्या खिशातून वही काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. पुढं जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या वर्गाला त्यांनी ते शिकवलं. आता एकही पोरगं विसरत नाही.

*

सुट्टीचे तीन दिवस उरले तेव्हा साहेबांना त्यांचे शाळेतले दोस्त शिवप्पा आठवले. मुरुमचे व्यापारी. त्यांनी पूर्वी एकदा पत्रात लिहिलं होतं की आमच्या मळ्यातल्या विहिरीत बारीक झिंगे आहेत, हात झाडल्यासारखं करतात. आम्ही बाडबिस्तरा उचलून मुरुम गाठलं.

शिवप्पा गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, घर कडक शाकाहारी. त्यांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि अट घातली.

"काझी, विहीर तुझीच समज. पण आमच्या शिवारात जीव मारायचा न्हाय. धर, बघ, चित्र काढ. मारायचं न्हाय."

"अरे, मी हैदराबादला नेऊन..."

"आमच्या विहिरीतला जीव हैदराबादला नेऊन मारला तर तो कुणाच्या शिवारातला झाला?"

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मला तर जंत दिसायला लागले.

तरी आम्ही धरले. वीसेक मोठे, टपोरे, पोटाखाली अंडी घेतलेले. आता जिवंत ठेवायचे कशात? शिवप्पांच्या पत्नी गौरव्वाकाकूंनी सांगितलं, तुम्ही नका बघू, मी ठेवते. पाहुण्यांची वस्तू, शिवाय जीव. त्यांनी पूजेच्या पाण्याची तांब्याची घागर काढली, चिंच लावून आरशासारखी लखलखीत घासली, विहिरीचं गाळलेलं पाणी भरलं आणि त्यात झिंगे सोडले. घरातलं सगळ्यात पवित्र भांडं.

आणि तांबं म्हणजे झिंग्याला जहर. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, पण आम्हाला घागर दिसलीच नाही. ती देवघरात होती.

सकाळी वीसच्या वीस उलटे.

गौरव्वाकाकू देवघराच्या उंबऱ्यात बसून राहिल्या. रडत नव्हत्या, नुसत्या घागरीकडं बघत होत्या. "माझ्या हातानं झालं," एवढंच म्हणाल्या. सकाळचा चहा त्यांनी घेतला नाही. शिवप्पांनी हात जोडून सांगितलं, "काझी, आता पुरे. विहिरीला हात लावू नकोस."

इथं मात्र मला आमच्या साहेबांचा अभिमान वाटला. मेलेले झिंगे सरळ बरणीत घालता आले असते. कुणी मारले नव्हते, अट मोडली नव्हती. पण साहेबांनी बरणीला हात लावला नाही. ते काकूंसमोर खाली जमिनीवर बसले. "भाभी, चूक माझी आहे. वीस वर्षं झिंगे शिकवतो आणि भांडं कोणतं ते सांगितलं नाही. तुम्ही जेवा. आम्ही दुपारच्या मोटारीनं जातो."

काकूंनी विचारलं, "तुम्हाला पाहिजे काय होतं नेमकं?"

"नर. एक तरी."

"मग तुम्ही या बायकाच कशाला धरल्या?"

"बायका?" साहेब म्हणाले.

"नोडरी," काकू म्हणाल्या. कानडीत, म्हणजे बघा. "मी रोज पाणी शेंदते. मोठ्या त्या बायका, पोटाशी अंडी घेऊन फिरतेत. त्यांच्या मागं-मागं बारके फिरतेत ना, ते नवरे."

साहेबांनी हळूच माझ्याकडं मान वळवली. "वसंतराव, तुम्ही नागूला काय सांगितलं होतं?"

"पिल्लं... सोडून द्या म्हणून."

"म्हणजे चार दिवस आपण सगळे नवरे परत पाठवले."

चाचा मागून म्हणाले, "मियाँ की जीवदया है, साहब."

*

आता शेवटचा.

काकूंनी शिवप्पांना बाजूला घेऊन कानडीत काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही. पण दुपारची मोटार गेली आणि आम्ही गेलो नाही. काकू स्वतः विहिरीच्या पायऱ्या उतरल्या, गाळणीनं एक बारका झिंगा काढला आणि विहिरीकाठच्या दगडी डोणीत सोडला. दगडी, हे त्यांनी आम्हाला दोनदा दाखवलं. वर शेवाळाचा दगड ठेवला. आणि साहेबांना म्हणाल्या, "बसा. बघा. मारायचं न्हाय."

साहेब बसले. मी बसलो. झिंगा ब्रशनं दगड झाडत होता. पोटाखालचा पाय काही दिसेना. जिवंत झिंग्याच्या पायाची काडी नुसत्या भिंगानं दिसणार कशी? एक दिवस गेला. दुसरा दिवस अर्धा गेला. शेवटची मोटार संध्याकाळी होती, दुसऱ्या दिवशी कॉलेज होतं. मी मनात बेडकांची माफी मागायला सुरुवात केली.

दुपारी काकू डोणीपाशी आल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "यानं अंगरखा काढला की."

झिंग्यानं कात टाकली होती! अख्खी. काचेसारखी. डोक्यावरच्या करवतीपासून शेपटीपर्यंत, हातांचे ब्रश, पोटाखालचे सगळे पाय, सगळं जिथल्या तिथं. आणि तो स्वतः मऊ लुसलुशीत अंगानं दगडामागं लपून बसलेला. साहेबांनी श्वास रोखून पिसानं ती कात उचलली, भिंगाखाली धरली. दुसरा पाय. आतली बाजू. काडी होती. काडीवरचे काटे मी तीनदा मोजले.

साहेबांनी शेरवानीची बटणं लावली आणि काकूंना वाकून सलाम केला.

प्रबंध लिहिला. चित्रं काढली. तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. पुण्याकडचे, मराठी जाणणारे, पण चेहऱ्यावर माशी बसायची हिंमत करणार नाही असे. त्यांनी कातीची कुपी उजेडात धरली.

"हे कवच झालं. प्राणी कुठं आहे?"

"मुरुमला, सर."

"मुरुमला कोणतं म्युझियम आहे?"

"दगडी डोणीत, सर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे जिवंत?"

"परवाच्या पत्रापर्यंत तरी होता, सर."

"पत्र आहे?"

काझी साहेबांनी शेरवानीच्या आतल्या खिशातून शिवप्पांचं पोस्टकार्ड काढून त्यांच्यापुढं सरकवलं. परीक्षकांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं.

"प्रिय काझी, तुझा गडी खुशाल आहे. गौरव्वानं त्याला दोन बायका आणून दिल्या. मंगळवारी त्यानं आणखी एक अंगरखा काढला, तो वाटीत झाकून ठेवला आहे. परीक्षकांना आणखी अंगरखे लागत असतील तर कळव."